तळघरातली ओल, वास आणि भेगा: काम नेमकं कुठून सुरू करायचं?

पायवाट
नमस्कार मंडळी. आमच्या घराला तळघर आहे. तीन बाजूंनी पूर्ण मातीत, चौथ्या बाजूला वरच्या अंगाला दोन लहान खिडक्या. आजवर अडगळीसाठीच वापरलं. आता तिथे मुलांच्या अभ्यासाची आणि पुस्तकांची खोली करायची आहे, म्हणून सगळं सामान बाहेर काढलं. भिंती नीट दिसल्यावर काळजी वाटायला लागली.
एका कोपऱ्यात गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओल आहे. तिथे गिलाव्याला पोपडे आलेत आणि पांढरी पावडर फुटली आहे. दार बंद ठेवलं की कुबट वास येतो. एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, बारीक भेग खाली उतरते. फरशीही काही दिवस ओलसर लागते, पण पावसाशी तिचा संबंध आहे असं खात्रीने सांगता येत नाही.
एक कंत्राटदार म्हणतो, आतून सगळ्या भिंतींना वॉटरप्रूफिंगचा लेप मारू, विषय संपला. घरातले म्हणतात, खिडक्या उघड्या ठेव, पंखा लाव, आपोआप सुकेल. दोन्ही ऐकून समाधान होत नाही. ज्यांनी हे निस्तरलं आहे त्यांनी कृपया सांगा, आधी काय तपासायचं?

गवंडीकाम
पायवाट, आतल्या भिंतीला हात लावण्याआधी घराबाहेर जा. तेही पाऊस चालू असताना, छत्री घेऊन. तळघरात येणारं बरंचसं पाणी छतावरून आणि अंगणातून पायाशी येऊन मुरलेलं असतं. खोल जमिनीतल्या पाण्याचा नंबर पुष्कळदा नंतर लागतो.
हिशोब करून बघा. छत १०० चौरस मीटरचं असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २,५०० लिटर पाणी खाली येतं. पन्हाळीचा पाइप हे पाणी भिंतीच्या पायाशीच सोडत असेल तर ते जाणार कुठे? घर बांधताना पायाभोवती खणलेल्या जागेत जो भराव टाकतात, तो आजूबाजूच्या मूळ जमिनीइतका घट्ट कधीच नसतो. पुढच्या काही वर्षांत तो बसतो, भिंतीलगत खोलगट पट्टा तयार होतो आणि पाणी नेमकं तिथे साचतं.
बाहेर गेल्यावर पन्हाळी पानांनी तुंबून काठावरून सांडतायत का ते आधी पाहा. खाली येणाऱ्या पाइपचं तोंड भिंतीपासून किती लांब आहे? जमिनीचा उतार घराकडे आहे की घरापासून बाहेर? पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन साधारण १५ सेंटिमीटर खाली उतरायला हवी. भिंतीलगत फुलझाडांचा वाफा असेल आणि त्याला रोज पाणी घातलं जात असेल, तर तेही पाणी तळघराच्याच भिंतीला मिळतं. फरसबंदी किंवा ओटा असेल तर तो भिंतीपासून सुटून मध्ये फट पडली आहे का, तेही बघा.
ही कामं फावड्याची, मातीची आणि पाइपच्या एका तुकड्याची. लेप नंतर कधीही मारता येईल.

ओंजळ
गवंडीकाम यांना +१. आमच्याकडे भिंत ओली राहायची ती फक्त पन्हाळीच्या पाइपाच्या बाजूची. पाइप लांबवून पाणी बागेच्या खालच्या अंगाला सोडलं, तेव्हापासून ती बाजू कोरडी आहे. पाइप जमिनीखालून नेला असेल तर तो मध्येच फुटलेला नाही ना हे जरूर बघा. वरून सगळं ठीक दिसतं आणि पाणी आत जिरत राहतं.

स्थापत्य
मी बांधकाम अभियंता आहे. आतून लेप मारण्याबद्दल लिहितो, कारण यात लोकांचे पैसे सर्वात जास्त वाया जातात.
भिंतीबाहेरची माती पाण्याने भरली की ते पाणी भिंतीवर दाब देतं. पाण्याच्या दर मीटर खोलीला हा दाब चौरस मीटरमागे जवळपास १ टन वाढतो. म्हणजे बाहेर पाणी २ मीटर उंच साचलं, तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे २ टन. हे पाणी काँक्रीटच्या छिद्रांतून, भेगांतून आणि मुख्य म्हणजे भिंत नि तळाचा स्लॅब जिथे मिळतात त्या सांध्यातून आत येतं. हे दोन्ही भाग वेगवेगळ्या दिवशी ओतलेले असतात, त्यामुळे तिथे काँक्रीट एकजीव झालेलं नसतं. बांधतानाच त्या सांध्यात वॉटरस्टॉपची, म्हणजे पाणी अडवणारी, पट्टी टाकलेली नसेल, तर गळतीची पहिली जागा तीच.
बाहेरून लावलेला थर पाण्याच्या दाबाने भिंतीवर आणखी दाबला जातो. आतून लावलेल्या थराला तोच दाब भिंतीपासून ढकलतो. साधा रंग किंवा पातळ लेप म्हणूनच फुगून सुटतो. सिमेंटवर आधारलेले, काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारे लेप आतून टिकू शकतात. पण त्यासाठी जुना रंग आणि गिलावा पूर्ण काढून मूळ काँक्रीट उघडं करावं लागतं, भेगा आणि सांधे वेगळे भरावे लागतात. रंगावरच लेप मारू असं कोणी म्हणत असेल तर नको म्हणा.
तळघरं कोरडी ठेवण्यासाठी ब्रिटनमध्ये बीएस ८१०२ हे मानक वापरतात, त्याची ताजी आवृत्ती २०२२ ची आहे. त्यात तीन मार्ग दिलेत. भिंतीवर अडथळ्याचा थर लावायचा, भिंतच पाणी न येऊ देणाऱ्या काँक्रीटची बांधायची, किंवा आत येणारं पाणी भिंतीमागच्या पोकळीतून गोळा करून बाहेर काढायचं. जोखीम मोठी असेल तिथे यातले दोन मार्ग एकत्र वापरतात.
अजून एक गोष्ट. पुष्कळ घरांत पायाच्या भिंतीला बाहेरून नुसतं डांबर फासलेलं असतं. मातीतली दमट ओल ते अडवतं. दाबाखालच्या पाण्यापुढे आणि भेगांपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

कुतूहल
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या तळघराच्या भिंती पावसाळ्यात कोरड्या असतात, पण उकाड्याच्या दमट दिवसांत फरशी अक्षरशः घामेजते. पाइपांवरही थेंब येतात. आम्ही तर वारा खेळावा म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवतो. तरीही असं का होतं?

दवबिंदू
कुतूहल, खिडक्या उघड्या ठेवता म्हणूनच होतं.
जमिनीत खाली गेलं की तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. त्यामुळे तळघराची फरशी आणि भिंतीचा खालचा भाग उन्हाळ्यातही थंड असतो. बाहेरची हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू साधारण २४ अंश येतो. म्हणजे २४ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतली वाफ पाणी होऊन बसणार. तुमची फरशी २१ अंशांवर असेल, तर खिडकीतून येणारा प्रत्येक झोत तिच्यावर पाणीच आणून टाकतो.
अशा दिवसांत खिडक्या बंद ठेवा आणि आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारं यंत्र, चालवा. त्याची नळी थेट गटारीत किंवा संपात (पाणी गोळा करायच्या खड्ड्यात) सोडा, म्हणजे टाकी भरली म्हणून यंत्र बंद पडणार नाही. थंड पाण्याच्या पाइपांना फोमचं आवरण घाला. बाहेरची हवा खरोखर कोरडी असेल त्या दिवशी खिडक्या जरूर उघडा. आर्द्रतामापक अगदी लहानसं उपकरण आहे, एक आत आणि एक बाहेर ठेवा. आतला आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे, ३० ते ५० मध्ये असेल तर उत्तम.
पायवाट, तुमच्याकडे ओल बाहेरून झिरपते की आतल्या हवेतून बसते, हे ओळखायची सोपी चाचणी आहे. साधारण दीड फूट लांबीरुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. भिंतीचा तो भाग आधी पुसून कोरडा करा, तुकडा लावून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एकदोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला पाणी आलं तर ते हवेतलं. भिंतीकडच्या बाजूला आलं तर ते भिंतीतून येतंय. फरशीवरही एक तुकडा लावा. दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात.

रेघोटी
@दवबिंदू, घर नवं असेल तर? आमचं बांधून नुकतंच झालंय आणि तळघर सतत दमट वाटतं.

दवबिंदू
रेघोटी, नव्या काँक्रीटमध्ये स्वतःचंच भरपूर पाणी असतं. एका बाजूनेच सुकणाऱ्या स्लॅबला दर २५ मिलिमीटर जाडीमागे महिनाभर लागतो असा ढोबळ ठोकताळा आहे. १०० मिलिमीटरचा स्लॅब असेल तर चार महिने, आणि हवा दमट असेल तर त्याहून जास्त. तोपर्यंत त्यावर लाकडी फरशी, व्हिनाइल किंवा गालिचा चिकटवू नका. पाणी खाली अडकतं, गोंद सुटतो.

पायवाट
सर्वांचे मनापासून आभार. प्लास्टिकचे तुकडे लावले. कोपऱ्यातल्या भिंतीवर पाणी प्लास्टिकच्या मागे आलं, म्हणजे ती बाहेरची ओल. फरशीवर मात्र वरच्या बाजूला थेंब होते, खाली कोरडं. म्हणजे दुखणी दोन आहेत.
बाहेर जाऊनही पाहिलं. ज्या कोपऱ्यात ओल आहे त्याच्या बरोबर वर पन्हाळीचा पाइप उतरतो, त्याचं तोंड भिंतीपासून हातभरही लांब नाही आणि तिथली माती खचलेली आहे. तिथून सुरुवात करतो. आता त्या भेगेबद्दल आणि पांढऱ्या पावडरीबद्दल कोणी सांगेल का? भेग बघून घरात सगळे घाबरलेत.

स्थापत्य
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी बारीक भेग काँक्रीटच्या भिंतीत अगदी नेहमी दिसते. काँक्रीट सुकताना आकुंचन पावतं आणि खिडकी किंवा दाराच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, तिथून ते फाटतं. तशीच उभी, केसासारखी भेगही बहुतेक आकुंचनाची असते. या भेगांमुळे घर पडत नाही, पण पाण्याला वाट मिळते.
घाबरायचं कधी ते सांगतो. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत मधल्या उंचीवर आडवी भेग दिसली, तर बाहेरची माती भिंतीला आत ढकलते आहे. भिंतीला दोरी किंवा लांब सरळ पट्टी लावून बघा. पोट आलेलं दिसलं तर थांबू नका. ब्लॉकच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भेग म्हणजे पायाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचतोय. भेगेची एक कड दुसरीपेक्षा पुढे आलेली असेल, भेग एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असेल, किंवा रुंदी ६ मिलिमीटरच्या वर गेली असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर त्यानंतर. वरच्या मजल्यावर दारं अडकायला लागली असतील तर तेही त्यांना सांगा.
बाकीच्या भेगांवर नजर ठेवा. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, मध्ये एका ठिकाणी रुंदी मोजून तिथेच लिहून ठेवा, सोबत पट्टी धरून फोटो काढा. ऋतूप्रमाणे भेग थोडी उघडते आणि मिटते, म्हणून तुलना करताना वर्षातला तोच काळ धरा. वाढत नसलेल्या भेगेची चिंता नको.
भरायची असेल तर साहित्य विचारपूर्वक निवडा. ओल्या किंवा गळत्या भेगेत पॉलियुरेथेनचं इंजेक्शन चालतं. ते पाण्याशी मिळून फुगतं आणि लवचीक राहतं. इपॉक्सी भिंतीचे दोन भाग घट्ट जोडते, पण भेग कोरडी लागते आणि हालचाल थांबलेली लागते. हालचाल चालूच असेल तर इपॉक्सीच्या शेजारी नवी भेग पडेल. वरवर सिमेंट लिंपल्याने काहीच साधत नाही, उलट भेग वाढतेय की नाही हे दिसेनासं होतं.

गवंडीकाम
पांढऱ्या पावडरीचं मी सांगतो. जुने लोक म्हणतात भिंतीला लोणा लागला. भिंतीतून येणारं पाणी सिमेंट, वाळू आणि मातीतले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पाण्याचा थेंब टाकून चोळलं की ती पावडर बहुधा विरघळते. बुरशी विरघळत नाही, ती काळपट किंवा हिरवट ठिपक्यांनी पसरते, बोटाला लागते आणि तिला वास असतो.
क्षारांनी माणसाला इजा होत नाही. पण गिलाव्याच्या आत त्यांचे स्फटिक वाढले की ते गिलावा आतून फोडतात, तुमचे पोपडे त्याचेच आहेत. कोरड्या ब्रशने पावडर झाडा आणि गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलंत तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. सुटलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या बराच वरपर्यंत काढा आणि भिंत उघडी ठेवून सुकू द्या, घाई करू नका. तिथे जिप्समचा गिलावा पुन्हा अजिबात नको, ओल लागली की तो मऊ पडतो. भिंत ओली असताना रंग लावला तर पुढच्या मोसमात तोही जाईल.

सावली
बुरशीबद्दल थोडं जोडते, कारण घरात दम्याचा त्रास असणारी माणसं आहेत आणि हे मी फार गांभीर्याने घेते. तळघराची हवा तळघरातच राहत नाही. घरातली उबदार हवा वर चढते आणि वरून बाहेर पडते, तिच्या जागी खालची हवा जिन्यातून आणि पाइपांच्या फटींतून वर ओढली जाते. खाली बुरशी असेल तर ती झोपायच्या खोलीतही श्वासात येते.
काहीही भिजलं की २४ ते ४८ तासांत सुकवायचं, म्हणजे बुरशी सहसा धरत नाही. टणक पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासून कोरडे करा. गालिचा, जिप्सम बोर्ड, पुठ्ठा, गादी अशा सच्छिद्र वस्तूंत बुरशी आतवर जाते, त्या टाकून द्याव्या लागतात. साफ करताना एन-९५ मास्क, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. दम्याच्या माणसाने ते काम करू नये. डाग साधारण एक चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर जाणकार माणसांकडून करून घ्या.
पायवाट, पुस्तकं बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आतल्या भिंतीला कपाटं करा, मागे चार बोटं फट ठेवा, खालचा कप्पा जमिनीपासून उंच ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यांपेक्षा झाकणाचे प्लास्टिकचे डबे बरे.
आणि कुबट वासासाठी अजून एक जागा तपासा. तळघरात जमिनीवर जाळी असलेलं सांडपाण्याचं तोंड असेल, तर त्याच्या वाकलेल्या नळीत पाणी राहायला हवं. वापर नसला की ते उडून जातं आणि गटाराची हवा सरळ वर येते. अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

जुनाखांब
इथे सगळे बाहेरचं पाणी वळवण्याबद्दल लिहितायत, ते बरोबरच आहे. पण ज्यांच्याकडे जमिनीतल्या पाण्याची पातळीच स्लॅबच्या वर येते त्यांनी काय करायचं? आमचं घर उताराच्या पायथ्याशी आहे. पन्हाळी, उतार, सगळं करून झालं. तरी मोठ्या पावसानंतर भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातून पाणी येतंच. एक जण सांगतो बाहेरून पूर्ण खणून थर लावा, दुसरा सांगतो आतून चर खणून पंप बसवा. आतला उपाय म्हणजे हार मानणं असं माझ्या भावाचं म्हणणं.

स्थापत्य
जुनाखांब, भावाचं म्हणणं मला पटत नाही. बाहेरून खणणं शक्य असेल तर तो उत्तम मार्ग आहेच. भिंत कोरडी राहते, काँक्रीटमधलं लोखंडही सुरक्षित राहतं. पण शेजारचं घर लागून असतं, वर ओटा किंवा गाड्यांची जागा असते, झाडं असतात. शिवाय भिंतीला थर लावला तरी स्लॅबच्या खालून येणारं पाणी थांबत नाही. तुमच्याकडे पाणी खालूनच चढतंय. तिथे आतला निचरा हाच नेमका उपाय आहे.
भिंतीच्या आतल्या कडेने स्लॅबची पट्टी फोडून चर खणायचा. जमीन सहज वाहून येणारी असेल तर चरात आधी गाळणीचं कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, अंथरायचं. त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप टाकायचा, पाइपला उतार देऊन तो एका खड्ड्यात, म्हणजे संपात आणायचा. तिथून पंप पाणी बाहेर फेकतो. स्लॅबखालची पाण्याची पातळीच खाली राहते, म्हणून वर दाब उरत नाही. चर खणताना पायाच्या खालची माती मात्र काढू देऊ नका, यावर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा.

गवंडीकाम
इथे माझं मत थोडं वेगळं आहे. आतला निचरा चांगला, पण तो पंपावर जगतो आणि पंप विजेवर. सर्वात जोराचा पाऊस आणि वीज जाणं या दोन गोष्टी एकाच वेळी होतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी बाहेरचा पर्याय लवकर सोडू नये. उताराची जागा असेल तर पायाशी पाइप टाकून पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने खालच्या अंगाला काढता येतं. जुनाखांब पायथ्याशी आहेत म्हणून त्यांना ते जमणार नाही कदाचित, पण वाचणाऱ्या इतरांनी हे आधी तपासावं.

ओंजळ
पंपाबद्दल अनुभवाचं सांगते. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप त्याच खड्ड्यात, पहिल्यापेक्षा थोड्या वरच्या पातळीला बसवून घ्या. पाण्याच्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर पंप थांबला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप सारखा चालू-बंद होत राहतो. पंप न चालण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तरंगणारा स्विच खड्ड्याच्या कडेला किंवा वायरीत अडकणं. पावसाळ्याआधी खड्ड्यात दोनतीन बादल्या पाणी ओतून पंप सुरू होतो का आणि पाणी बाहेर नेमकं कुठे पडतं ते पाहा. बाहेरचं तोंड घरापासून निदान ३ मीटर लांब हवं, नाहीतर तेच पाणी फिरून परत येतं. खड्ड्याला झाकण ठेवा, लहान मुलं असतील तर ते स्क्रूने बंद करा.
तळघरात संडास किंवा मोरी असेल तर सांडपाण्याच्या पाइपवर वेगळा बॅकवॉटर व्हॉल्व्ह लागतो. रस्त्याचं गटार तुंबलं की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं, आणि ते तोंड आपल्या तळघरात असतं.

कुतूहल
पायवाट, तुम्ही मुलांची खोली करणार आहात. भिंतींना आतून पॅनेल किंवा बोर्ड लावणार का? मला कोणी सांगितलं होतं की आधी प्लास्टिकचा कागद लावा आणि मग त्यावर बोर्ड.

दवबिंदू
कृपया तसं करू नका. मातीतल्या भिंतीतून थोडी तरी वाफ आत येतच राहते. प्लास्टिकच्या मागे ती अडकते आणि लाकडी चौकट आतल्या आत कुजते, बाहेरून काहीच कळत नाही. काचलोकर (काचतंतूंची उष्णतारोधक गादी) थेट काँक्रीटला टेकवली तर आतली दमट हवा तिच्यातून जाऊन थंड भिंतीवर पाणी होते. भिंत पूर्ण सुकल्यावर कडक फोमच्या शीट काँक्रीटला चिकटवून, सांधे टेपने बंद करून, मग पुढे चौकट उभी करणं जास्त सुरक्षित. फोम उघडा सोडू नका, तो पेटतो, त्यावर बोर्ड हवाच. चौकटीच्या खालच्या लाकडाचा काँक्रीटशी थेट स्पर्श नको. आणि निदान एक पूर्ण पावसाळा भिंत उघडी ठेवून पाहिल्याशिवाय हे काम हाती घेऊ नका.

सावली
त्याही आधी एक प्रश्न. आग लागली किंवा जिन्यात धूर भरला तर मुलं कुठून बाहेर पडणार? मुलं तिथे रोज बसणार असतील तर जिन्याशिवाय दुसरी वाट हवी. अमेरिकेच्या घरबांधणीच्या नियमांत झोपायच्या खोलीत संकटात बाहेर पडायच्या खिडकीची उघडी जागा निदान ५.७ चौरस फूट, रुंदी २० इंच, उंची २४ इंच आणि चौकटीची खालची कड जमिनीपासून जास्तीत जास्त ४४ इंच असावी असं आहे. आपापल्या ठिकाणचे नियम वेगळे असतील, पण एवढ्या जागेतून माणूस बाहेर येऊ शकतो हा अंदाज सगळीकडे उपयोगी आहे. खिडकीबाहेर खड्डा असेल तर त्यातून वर चढायला शिडी हवी, आणि जाळी आतून उघडता यायला हवी.
स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर तळघरात ठेवू नका, भरलेलं नाही आणि रिकामंही नाही. तो वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि वर निघून जात नाही. पेट्रोल आणि थिनरच्या वाफांचंही तसंच. जनरेटर तळघरात तर नाहीच, त्याच्या खिडकीजवळही चालवू नये. त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. गॅसचा बंब तळघरात असेल तर धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी दोन्ही उपकरणं लावा. जोरदार एक्झॉस्ट फॅन बसवण्याआधी बंबाचा धूर उलटा आत येत नाही ना, हे तपासून घ्या.

माती_परीक्षक
इतक्या चांगल्या चर्चेत रेडॉन राहून जाऊ नये म्हणून लिहितो. खडकांत आणि मातीत थोडं युरेनियम असतं, त्याच्या ऱ्हासातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस. स्लॅबच्या भेगा, संपचा खड्डा, पाइपांभोवतीच्या फटी यांतून तो आत येतो आणि बंद तळघरात साठतो. जागतिक आरोग्य संघटना त्याला धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं महत्त्वाचं कारण मानते. धूम्रपान करणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त.
घरांमधला हा धोका सर्वांच्या नजरेत आला तो १९८४ मध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बांधकाम चालू असलेल्या एका अणुवीज केंद्रातल्या अभियंत्यामुळे किरणोत्साराचे इशारे वाजू लागले. केंद्रात तोवर इंधनच आलेलं नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं की किरणोत्सार तो स्वतःच्या घरातून आणत होता. त्याच्या घरातली पातळी तिथल्या आजच्या मर्यादेच्या शेकडो पट निघाली.
जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये दर घनमीटरला १०० बेकरेल (बेकरेल हे किरणोत्सार मोजायचं एकक) ही संदर्भपातळी सुचवली, आणि ती गाठणं शक्य नसेल तिथे ३०० च्या वर जाऊ नये असं म्हटलं. शेजारच्या घरात कमी निघाला म्हणून तुमच्याकडे कमी असेलच असं नाही, मोजावंच लागतं. मोजण्याचं लहान उपकरण सर्वात खालच्या वापरातल्या खोलीत, जमिनीपासून निदान अर्धा मीटर उंच, ओलाव्यापासून आणि वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवतात. थोड्या दिवसांची चाचणी असेल तर सुरू होण्याच्या १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. तीन महिन्यांहून जास्त काळची चाचणी अधिक भरवशाची.
आकडा जास्त आला तर उपाय ठरलेला आहे. स्लॅबमधून एक पाइप खाली घालून तो छताच्या वर नेतात आणि पंख्याने स्लॅबखालची हवा सतत बाहेर ओढतात. नुसत्या भेगा बुजवून पुरत नाही.

रेघोटी
आमच्या ओळखीत एकांना असलेल्या घराखाली नव्याने तळघर खणायचं आहे. गवंड्याच्या भरवशावर करता येईल का?

स्थापत्य
नाही. इमारतीचं वजन पायाच्या कडेपासून तिरकं पसरत मातीत उतरतं. ती माती एका बाजूने काढली की भिंत खचते, कधीकधी एका रात्रीत. हे काम अभियंत्याच्या आराखड्यानुसार करतात. पायाखाली साधारण मीटरभर लांबीचे तुकडे, लागोपाठचे न घेता एक सोडून एक खणायचे, काँक्रीट भरायचं, ते घट्ट झाल्यावरच पुढचे. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर त्यांची लेखी संमती आणि कामाआधीचे त्यांच्या घराचे फोटो हवेत. जमिनीतलं पाणी वर असेल तर खणू नका असंच सांगेन. वर पुरेसं वजन नसेल तर टाकीसारखं बंद तळघर पाण्यावर उचललंही जातं.

जुनाखांब
सर्वांनी इतकं मनापासून लिहिलंत, आभारी आहे. संप आणि बॅटरीचा पंप हेच ठरवतोय. शेवटचा प्रश्न. तोपर्यंत तळघर खरोखर भरलं तर काय करायचं? मागच्या खेपेला भाऊ पाण्यातून जाऊन मेन स्विच बंद करून आला.

स्थापत्य
जुनाखांब, हे पुन्हा कुणालाही करू देऊ नका. मेन स्विच तळघरात असेल आणि खाली पाणी असेल तर वीज कंपनीला कळवून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्या. त्याआधी पाण्यात पाय नको. मेन बोर्ड वरच्या मजल्यावर हलवण्याचं काम संपच्या आधी करा.
पाणी चढत असताना सामान वाचवायलाही खाली उतरू नका. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी साचलं तरी ९० सेंटिमीटर रुंद दारावर ११० किलोच्या आसपास भार येतो. पाण्याच्या बाजूला उघडणारं दार मग आतून ढकलून उघडत नाही.
पूर ओसरल्यावर मोठा पंप लावून एका दिवसात सगळं उपसायचं नाही. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते. आतल्या पाण्याचा आधार अचानक काढला तर बाहेरच्या दाबाने भिंत आत येते, स्लॅब वर उचलला जातो. बाहेर अंगणातलं पाणी पूर्ण हटल्यावरच सुरुवात करा. दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलेलं दिसलं तर जमीन अजून भरलेली आहे, त्या दिवशी उपसा बंद ठेवा. चढलं नसेल तर पुढचा हिस्सा काढा. आत भिजलेली वायरिंग, प्लग आणि पंपाची मोटर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय वीज जोडायची नाही.